सस्पेन्स खात्यातली गाणी

बँकेत दिवसाचं काम मिटवताना एखादी रक्कम अशी निघते की ती कुणाच्या खात्यात टाकायची तेच कळत नाही. चलनावर खातेक्रमांक अर्धाच लिहिलेला असतो, किंवा दुसऱ्या शाखेतून आलेल्या नोंदीचा अर्थच लागत नाही. हिशेब तर त्याच दिवशी जुळला पाहिजे. मग ती रक्कम तात्पुरती 'सस्पेन्स' नावाच्या खात्यात टाकून सगळे घरी जातात. इन्स्पेक्शनला येणारा साहेब खुर्चीत टेकला की पहिल्यांदा हेच खातं मागतो. ते जितकं रिकामं तितकी शाखा नेटकी, असा आमच्या धंद्यातला समज.

१९८३ साली मी परभणीला होतो. संध्याकाळी करण्यासारखं काही नसे. शाखेच्या रद्दीत पुठ्ठाबांधणीचं एक कोरं लेजर निघालं, ते मी घरी आणलं आणि त्यात सिनेमाच्या गाण्यांची रागवार खाती उघडली. यमनाचं एक, भैरवीचं एक, पिलूचं एक, असं करत करत तीसेक खाती झाली. पानावर रकाने आखले: गाणं, चित्रपट, साल, संगीतकार, शेरा. शेवटची काही पानं, हाताच्या सवयीनं, सस्पेन्ससाठी राखून ठेवली. पुढे बदल्या होत गेल्या, भांड्यांच्या खोक्यातून वहीही हिंडत राहिली. निवृत्त झालो तेव्हा चारशेच्या वर गाणी नोंदली गेली होती. यमन आणि भैरवीची पानं संपून वर कागद चिकटवावे लागले होते. सस्पेन्सची पानंही संपली होती, आणि ते मात्र माझ्या हिशेबात बसणारं नव्हतं. इन्स्पेक्शनच्या साहेबाच्या हाती ही वही पडली असती तर माझी बढती तिथेच अडली असती.

आज त्या शेवटच्या पानांबद्दल लिहायचं आहे. पण हे रागांचं वेड आमच्या घरात आलं कुठून, ते आधी सांगायला हवं.

आमचं घर मिरजेचं. तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीपासून पाच मिनिटांवर. अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव म्हणून मिरजेला गाण्याचा एक ताठा आहे, आणि तो गाणं येणाऱ्यांपेक्षा न येणाऱ्यांत जास्त आढळतो. आमचे अण्णा दुसऱ्या वर्गातले. रेल्वेत कारकून. गळ्यात सूर नाही, पण शनिवारी रात्री आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागला की घरात भांड्याचा आवाज होता कामा नये. एरवी सिनेमाचं गाणं लागलं की ते उठून बटण फिरवायचे.

माझी ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. ती गावातल्या एका बुवांकडे गाणं शिकत होती. या बटणावर तिनं तोड काढली. अण्णांचा हात रेडिओकडे गेला की ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "अण्णा, बागेश्री आहे हा." अण्णांचा हात थबकायचा. ते परत खुर्चीत बसायचे, मान किंचित हलवायचे, आणि गाणं पुरं व्हायचं. कधी भीमपलास, कधी मालकंस. राग हा आमच्या घरात गाण्याचा परवाना होता. परवाना दाखवा आणि ऐका. (पुढे पुष्कळ वर्षांनी तिनं कबूल केलं, की काहीच सुचलं नाही तर ती 'पिलू' म्हणून मोकळी व्हायची. पिलूत बाराही स्वर चालतात, त्यामुळे पकडलं जायची भीती कमी.) मी तेव्हा सात-आठ वर्षांचा. स्वरांतलं काही कळत नव्हतं, पण परवाने पाठ झाले. बाकीची पोरं आगगाडीच्या इंजिनांचे नंबर पाठ करायची, मी गाण्यांचे राग. पाठ असल्यामुळे गाणं नीट ऐकायची गरज नसायची.

अण्णा काही एकटे नव्हते. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीतावर मनापासून प्रेम असलेला. सिनेमाच्या गाण्यांनी देशाची अभिरुची बिघडते आहे, हे त्यांचं ठाम मत. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. लोकांनी भांडण न करता काटा सिलोनकडे फिरवला. अमीन सायानींची बिनाका गीतमाला त्याच साली सुरू झाली, आणि १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती काढून सरकारला आपली गिऱ्हाइकं परत बोलवावी लागली. केसकरांचा हेतू वाईट होता असं कुणी म्हणू नये. संस्थानं गेल्यावर उघड्यावर पडलेल्या कितीतरी गवयांना आकाशवाणीनं ताट वाढलं, यात त्यांचा वाटा आहे. पण काळानं त्यांची थट्टा केली ती केलीच. ज्या १९५२ साली ते मंत्री झाले, त्याच साली 'बैजू बावरा' लागला. नौशादनी त्यात पुरिया धनाश्री आणला, देसी आणला, मालकंस, दरबारी, भैरवी आणली. उस्ताद अमीर खाँ आणि द. वि. पलुसकर यांना एका गाण्यात समोरासमोर बसवलं. पलुसकर पुढे तीनच वर्षांत, ऐन चौतिशीत गेले. ज्या गावांनी तंबोरा कधी पाहिला नव्हता, तिथे त्यांचा देसी तंबूतल्या पडद्यावरून पोचला. अभिरुची घडवायला निघालेल्या सरकारला जे जमलं असतं की नाही कोण जाणे, ते बारा आण्यांच्या तिकिटावर होऊन गेलं.

आणि मराठी माणसानं तर या बाबतीत नाक मुरडूच नये. आमचे अण्णा दाढी करताना जे गुणगुणायचे, ते 'नाथ हा माझा'. यमन. पण तो त्यांना कुठल्या मैफलीत भेटलेला नव्हता. भास्करबुवा बखल्यांनी तो १९१६ साली खाडिलकरांच्या 'स्वयंवर'साठी बांधला, आणि बालगंधर्वांच्या गळ्यातून तो घराघरांत आला. भास्करबुवांचे शिष्य मास्तर कृष्णराव पुढे प्रभात कंपनीत गेले आणि 'माणूस', 'शेजारी'ची गाणी करू लागले. 'मानापमान'च्या चाली देणाऱ्या गोविंदराव टेंब्यांनी १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'ला संगीत दिलं, वर त्यात हरिश्चंद्राची भूमिकाही केली. मैफलीतून रंगभूमीवर आणि रंगभूमीवरून पडद्यावर, अशी ही एकाच घरातली ये-जा होती. अण्णांना नाटकाचं दार पवित्र वाटे आणि सिनेमाचं बाटलेलं, एवढंच.

संगीतकार रागाचं नेमकं करतो काय, हे उमगायला मला वही घातल्यावरही बरीच वर्षं लागली. आधी त्याची अडचण समजून घेतली पाहिजे. जुन्या ७८ च्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटं मावत. ख्याल गाणारा गवई तेवढ्या वेळात वरच्या षड्जाच्या आसपासही फिरकत नाही. तो अजून खाली, एकेका स्वराची विचारपूस करत असतो. सिनेमावाल्याला पहिल्या ओळीतच रागाचा चेहरा दाखवावा लागतो, ओळखपत्रावरच्या फोटोसारखा. मग दोन अंतरे, मधे वाद्यवृंद, आणि संपलं. त्यामुळे रागातलं काय घ्यायचं यापेक्षा काय सोडायचं, हा निर्णय त्याला फार लवकर घ्यावा लागतो. त्यातच त्याची बुद्धी दिसते.

एकच कुटुंब उदाहरणाला घेतो. सा रे ग प ध. पेटीवर पांढरी एकमध्ये बसलात तर मध्यम आणि निषाद सोडून नुसत्या पांढऱ्या पट्ट्या. या पाच स्वरांचा राग भूप, म्हणजे भूपाली. वेळ रात्रीच्या पहिल्या प्रहराची. याच पाच स्वरांचा दुसरा राग देसकार, वेळ सकाळची. स्वर तेच, मग फरक काय? मला हे ताईनं पोळ्या लाटताना समजावलं होतं. "ग वर मुक्काम केलास तर रात्र, ध वर केलास तर सकाळ." शास्त्रात वादी-संवादीवर जी पानं लिहिली आहेत, ती मी नंतर वाचली, पोळपाटावर सांगितलेलं त्याहून नेमकं होतं.

आता सुधीर फडक्यांचं 'ज्योति कलश छलके' घ्या. १९६१ चा 'भाभी की चूडियाँ', म्हणजे आपल्या 'वहिनींच्या बांगड्या'चा हिंदी अवतार. लताबाईंचा आवाज, पंडित नरेंद्र शर्मांचे शब्द. बहुतेक याद्यांत हे गाणं भूपात दाखवलेलं असतं. मीही भूपाच्या पानावर लिहिलं. पण गाणं तर पहाटेचं! रात्रीच्या रागात पहाट कशी? काही जाणकार म्हणतात, तो देसकार आहे. मी भूपावरची नोंद खोडून देसकाराचं नवं खातं उघडलं. पुढे चिपळूणला असताना पुन्हा ऐकलं आणि देसकारावरून उचलून परत भूपात नेलं. असं तीनदा झालं. बँकेत कुणी एवढी खाडाखोड केली असती तर चौकशी लागली असती.

मग एका पहाटे शेजारच्या घरातून देवापुढची भूपाळी ऐकू आली आणि डोक्यात लख्ख झालं. आपल्याकडे पहाटे देवाला उठवताना म्हणतात त्या गाण्याचं नावच भूपाळी. शास्त्र काय वाट्टेल ते सांगो, मराठी घरात हे नाव पहाटेच्या अंगणात, सडा-रांगोळीत वावरलेलं आहे. फडके तर इथल्याच हवेत वाढलेले. पुण्याच्या आकाशवाणीवरून १९५५ च्या रामनवमीला सुरू झालेल्या 'गीतरामायणा'तलं पहिलंच गाणं त्यांनी भूपात बांधलं होतं. हिंदी सिनेमातली ती पहाट बांधताना त्यांच्या कानात प्रहरांचं कोष्टक असेल, की लहानपणी ऐकलेल्या भूपाळ्या? मला वाटतं, दुसरं. हे सिद्ध करायला माझ्याकडे कागद नाही. पण त्यानंतर मी ते गाणं भूपातून काढलं, देसकारात घातलं नाही, आणि सस्पेन्सच्या पानावर नेऊन ठेवलं. तिथे ते सुखात आहे.

याच पाच स्वरांतला गंधार कोमल केला की शिवरंजनी होतो. मैफलीत त्याला फारसं कुणी विचारत नाही. सिनेमानं मात्र त्याला डोक्यावर घेतलं. शंकर-जयकिशनचं 'मेरा नाम जोकर'मधलं (१९७०) 'जाने कहाँ गये' हे गाणं शिवरंजनीत आहे. ऐकताना कंठ दाटतो, आणि मग कुणीतरी जाणकार सांगतो की शिवरंजनीचा स्वभावच रडवा. ठीक. पण याच जोडीचं 'सूरज'मधलं (१९६६) 'बहारों फूल बरसाओ' तेही शिवरंजनीतच! नवरदेव घोड्यावरून उतरला की जी चाल महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या बँडवाल्यांनी वाजवली, वरमाईनं जिच्यावर फेर धरला, ती हीच. मग रडवेपण गेलं कुठे? रागाच्या अंगी एक रस चिकटवून टाकायचा आणि तेवढं सांगून श्रोत्याला घरी पाठवायचं, हे या दोन गाण्यांपुढे टिकत नाही. लय बदलली, वाद्यं बदलली, शब्द बदलले, की तोच कोमल गंधार लाजतोही आणि रडतोही.

नियम मोडण्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण बुवामंडळींचा खरा राग तिथे आहे. 'बैजू बावरा'तलं 'ओ दुनिया के रखवाले' दरबारीत आहे. दरबारी हा भारदस्त, खालच्या आणि मधल्या सप्तकात सावकाश हिंडणारा राग. तो वर चढून तिथेच रमला तर अडाण्याच्या अंगणात गेला असं मानतात. (तो अडाणा ऐकायचा तर 'झनक झनक पायल बाजे'चं, १९५५ सालचं, अमीर खाँसाहेबांनी गायलेलं शीर्षकगीत ऐकावं. संगीत आपल्या वसंत देसाईंचं.) नौशादांनी हे नियम पाठ केलेले होते. तरीही गाण्याच्या शेवटी त्यांनी रफीसाहेबांना वर, आणखी वर नेलं. दरबारीच्या मर्यादेत हे बसत नाही. पण पडद्यावर एक उद्ध्वस्त माणूस देवाला जाब विचारतो आहे. त्यानं भारदस्तपणे, मंद्र सप्तकात जाब विचारायचा का? नौशादांनी माणसाची बाजू घेतली. माझ्या मते योग्य केलं. दरबारी काही त्यानं मोडून पडला नाही. दुसऱ्या दिवशी मैफलीत तो तसाच गंभीर उभा होता.

सिनेमानं गवयांवर अन्याय केला तो दुसरीकडे. गाण्याच्या स्पर्धेचे सिनेमे आठवून पाहा. 'बैजू बावरा'त तानसेनासाठी अमीर खाँ गायले, आणि तानसेन हरला. 'बसंत बहार'मध्ये (१९५६) दरबारी गवयासाठी भीमसेन जोशी गायले, समोर नायकाला मन्ना डेंचा आवाज, आणि नायक जिंकला पाहिजे ही कथेची अट. भीमसेनांना 'हरवायचं' या कल्पनेनं आपली पाचावर धारण बसली होती आणि पळून जायचा विचार मनात आला होता, हे मन्ना डेंनी स्वतःच सांगितलेलं आहे. म्हणजे खाँसाहेबांना, पंडितजींना बोलवायचं, त्यांच्या गाण्यानं चित्रपटाला वजन आणायचं, आणि पडद्यावर त्यांनाच खाली बसवायचं. उलट बाजूनंही प्रेम काही ओसंडत नव्हतं. किशोरीताई आमोणकरांनी १९६४ साली 'गीत गाया पत्थरों ने'चं शीर्षकगीत गायलं. मोगूबाईंना ते अजिबात रुचलं नाही असं सांगतात, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं त्या सिनेमाकडे फिरकल्या नाहीत.

माझ्या वहीला खरा दणका बसला तो मडगावला, १९९१ साली. मुदत ठेवीची पावती नव्यानं करायला एक वयस्क गृहस्थ यायचे. मुंबईच्या स्टुडिओंतून तीसेक वर्षं व्हायोलिन वाजवून गावी परतलेले. सिनेसंगीतात गोव्याच्या वादकांचं देणं केवढं आहे, हे आपण मराठी रसिक सोयीनं विसरतो. शंकर-जयकिशनच्या चालींना वाद्यवृंदाचा अंगरखा शिवणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचेच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलालना आणि राहुलदेव बर्मनना व्हायोलिन शिकवलं, वर पन्नासच्या दशकात राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांना एका मांडवाखाली आणायचा खटाटोपही केला. त्यांचंच नाव प्यारेलालनी 'अमर अकबर अँथनी'च्या गाण्यात अजरामर करून ठेवलं.

तर त्या गृहस्थांना मी मोठ्या अभिमानानं वही दाखवली. त्यांनी चष्मा काढून पानं चाळली. भैरवीच्या खात्यावर बोट थांबलं. सलील चौधरींचं 'छाया'तलं (१९६१) 'इतना ना मुझसे' मी तिथे नोंदलं होतं. कोमल स्वर दिसले, दिली भैरवीत ढकलून.

"मॅनेजरबाब," ते म्हणाले, "ही भैरवी न्हय. हो मोझार्ट."

चाळिसाव्या सिंफनीची सुरुवात त्यांनी टेबलावर बोटांनी ताल धरून गुणगुणली. चाल तीच. मोझार्टनं ती १७८८ साली लिहिली. माझे कान तापले. मी एका ऑस्ट्रियन माणसाला आठ वर्षं भैरवीत बसवून ठेवलं होतं, आणि कुणाला सांगताना वर मान डोलवत होतो. मी विचारलं, की तुम्ही वाजवताना हा राग कुठला, असं विचारत नव्हता का? ते हसले. त्यांच्यासमोर कागद यायचा, त्यावर सूर लिहिलेले असायचे. एखाद्या जागी कुणी सतारिया म्हणायचा, या रागात तो सूर लागत नाही, तिथे खालचा साथीचा सूर बदलायचा. रागाला एकच रेघ असते. खाली दुसरे सूर मांडले की ती रेघ ओढली जाते. ती ओढली जाऊ न देता शंभर व्हायोलिनं वाजवायची, हे आमचं काम, असं त्यांनी सांगितलं. त्या दिवशी मी सस्पेन्सच्या पानावर चार नव्या नोंदी केल्या.

त्यानंतर ते खातं भराभर वाढलं. ओ. पी. नय्यर आपल्याला शास्त्रीय संगीत येत नाही असं उघड सांगायचे, आणि त्यांच्या गाण्यांतून पिलू सांडत असतो. शंकर-जयकिशनची भैरवी ही मैफलीच्या शेवटी येणारी व्याकूळ भैरवी नाहीच. 'मेरा जूता है जापानी' म्हणत ती भर उन्हात रस्त्यानं चालत सुटते. हे कुठल्या खात्यात टाकायचं? आणि मला सगळ्यांत जास्त आवडणारी गाणी त्या शेवटच्या पानांवर जमा होऊ लागली आहेत, हे लक्षात आल्यावर मी वही फार कुणाला दाखवेनासा झालो.

हल्ली 'रागावर आधारित चित्रपटगीते' असे कार्यक्रम गावोगाव होतात. आधी बंदिश, मग त्या रागातलं गाणं. मी जातो, टाळ्याही वाजवतो. पण निवेदक जेव्हा गहिवरून म्हणतो, की पाहा, सिनेमाच्या गाण्यांतही केवढं शास्त्र दडलं आहे, तेव्हा मला अण्णांचा बटणावर थबकलेला हात आठवतो. अजून आपण परवानाच मागतो आहोत. राग सापडला नाही तर ते गाणं काय कमी प्रतीचं? आणि राग सापडला म्हणून ते ऐकून झालं का?

हे मी इतक्या तावानं लिहितो आहे त्याला कारण आहे. १९६७ च्या श्रावणात आमच्या वाड्यात एका नव्या सुनेची मंगळागौर होती. जागरणात ताईनं 'रसिक बलमा' म्हटलं. १९५६ च्या 'चोरी चोरी'तलं. बायका फुगड्या थांबवून ऐकत राहिल्या. मी पेंगत होतो, तरी मला आठवतं. दोन दिवसांनी बुवा रस्त्यात भेटले. "काय रे, ताई मेहनत करते का घरी?" मला शहाणपण दाखवायची हौस. मी म्हणालो, "हो, परवा मंगळागौरीला तिनं शुद्ध कल्याण म्हटला." बुवांना बरं वाटलं. "अरे वा. कुठली चीज?"

मी चीज सांगितली.

पुढच्या शिकवणीला बुवांनी सगळ्या विद्यार्थ्यांसमोर तिला ते गाणं म्हणायला लावलं. ओळीओळीला थांबवून विचारलं, हा शुद्ध कल्याण का? इथे भूप किती, कल्याण किती, सांग. शेवटी म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. ती प्रवेशिका पूर्ण झालेली होती, मध्यमेचा फॉर्म भरलेला होता. घरी अण्णा एक अक्षर बोलले नाहीत. रेडिओवर याच गाण्याचा शुद्ध कल्याण त्यांनी मान हलवत मान्य केला होता. चार वर्षांनी तिचं लग्न झालं. तंबोरा कुणाला तरी दिला. बुवांपर्यंत हे कुणी पोचवलं, ते मी तिला कधी सांगितलं नाही.

गेल्या दिवाळीत मी ताईकडे गेलो होतो. आता ती पंच्याहत्तरीत आहे. तिची नात गाणं शिकते. तिच्या बाईंनी भूप शिकवताना पहिल्याच महिन्यात 'ज्योति कलश' म्हणायला दिलं, स्वर कानात बसतात म्हणून. नातीनं ते आम्हाला म्हणून दाखवलं. ती खाली खेळायला गेल्यावर ताई म्हणाली, "ती तुझी वही आण की एकदा." मी बरोबरच नेली होती.

तिनं पानन् पान पाहिलं. देसकारावरची खाडाखोड पाहून हसली. सस्पेन्सच्या पानांवर बराच वेळ रेंगाळली, दोन-तीन गाणी ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिली. मग वही मिटून पुन्हा उघडली.

"बंड्या, 'रसिक बलमा' नाही यात."

चारशे गाण्यांत ते मी कधी लिहिलं नव्हतं. मी तिला सांगून टाकलं. बुवा, रस्ता, शुद्ध कल्याण, सगळं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्याच दिवशी बुवा म्हणाले होते, भाऊ हुशार आहे तुझा."

माझ्या खिशातलं पेन तिनंच काढून घेतलं. शेवटच्या पानावर खाली दोन बोटं जागा उरली होती. तिथे तिनं तिच्या बारीक अक्षरात गाणं, चित्रपट, साल, संगीतकार असं ओळीनं लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहायला गेली आणि थांबली.

"तो पंखा बंद कर जरा," ती म्हणाली. "आवाज फार करतो."